गोजराबाई ढेबे यांचे घोट्याची हकिकत

श्री. कड्याकपारींची राखण करणाऱ्या देवतेस नमन करोन, पदरचे काही न घालिता, घडले तैसे लिहितो. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, चैत्रमासी एका डोंगरी राज्यात डाकेचे कामावर गोजराबाई ढेबे होत्या. बारा वर्षे घाटमाथ्यावरील सात वाड्यांस टपाल पोचवीत, आणि उतरणीस कोणास हार जात नसत. परंतु डावा घोटा वरचेवर मुरगळे, आणि बाई फडके आवळोन तैशाच चालत, आणि अखेरीस मुरमाड घळीत पाय ऐसा पलटला की उभे राहवेना. मग पती बाबाजीराव यांणी पाठुंगळीस घेऊन गाडीरस्ता गाठिला आणि राजधानीस शस्त्रवैद्य निळोपंत यांजकडे आणिले. पंतांनी पाय हलवोन पाहिला आणि बोलिले, "बाहेरच्या अंगाचे, हाडं बांधून धरणारे बंध गेले. नवे घालावे लागतील." मग बाईंच्याच गुडघ्यामागील दोरीसारखी कंडरा काढिली, घोट्याचे हाडांस छिद्रे पाडिली आणि ओवोन घट्ट बसविली.

पुढे दीड महिना पाय जखडोन ठेविला, कुबड्या जाहल्या, मग चालणे आणि एका पायावर उभे राहोन तोल धरणे नित्य चालिले. आश्विनमासी घोटा पुन्हा सुजू लागला, म्हणोन एमआरआय यंत्रात निजवोन चित्र काढविले. अहवाल बाबाजीरावांनी वाचिला: नवा बंध जाडावला, आत पांढरट झाक, लगतचे हाडात पाणी. त्यांचा चेहरा उतरला तो बाईंनी पाहिला.

"तुटला असंल तर आज सांगू नका," बाई बोलिल्या.

आणि दुसरे दिवशी डाककचेरीत जाऊन, माझ्या वाड्या दुसऱ्यास द्या, ऐसे सांगोन आल्या. तें वर्तमान पंतांस कळताच बोलावणे धाडिले. पंतांनी चित्र उजेडी धरिले, मग बाजूस ठेविले आणि टाच मुठीत धरोन पाय पुढे ओढिला.

"इथं अडतो, कळतंय? तुटलेला अडत नाही. कंडरा हाडात रुजते तेव्हा वर्षभर चित्रात अशीच दिसते. सूज आहे, ती चालण्याची आहे. जरा बेतानं घ्या."

बाई उठल्या. बाहेर येऊन ओसरीवर बसल्या आणि पदर डोळ्यांस लाविला.

मार्गशीर्षमासी पाय खंबीर जाहला, परंतु मन होईना. घळीच्या माथ्याशी येऊन बाई थबकत आणि बाबाजीरावांचा हात शोधीत. तीन दिवस हात मिळाला. चौथे दिवशी बाबाजीराव दगडावर बसले आणि हात काखेत घातले.

"मी येत नाही. तू उतर."

"आणि पडले तर?"

"तर येईन की. पण आधी उतर."

बाई रागावल्या, आणि त्या रागातच पाऊल टाकिले. खडे सरकले, घोटा डगमगला, आणि सावरला. मग दुसरे टाकिले, आणि मग मोजणे सोडिले. तळाशी पोचोन वर पाहिले तों बाबाजीराव दोन्ही हातांनी झुडुपे धरोन, बसोन बसोन, घसरत येत होते.

"अहो, धरू का हात?" बाई खालून ओरडल्या, आणि हसता हसता तेथेच बसल्या.

पौषमासी सातही वाड्या परत मागोन घेतल्या. सूज अद्याप सांजेस येते आणि सकाळी जाते. येणेप्रमाणे हकिकत जाहली. लिहिणारास इतुकेच ठाऊक.