सुस्तावलेल्या फळीचं प्रकरण

मी मिल्टन पेपरडाइन, ग्रँट्सव्हिलमधला सर्वश्रेष्ठ खाजगी गुप्तहेर. शहरात दुसरा गुप्तहेरच नाही, हा मुद्दा माझे हितशत्रू पुढे करतात. पण दुसऱ्या कोणाची हिंमत का झाली नाही, याचा विचार ते करत नाहीत. नुसत्या बुटांवरून मी माणसाचा धंदा सांगतो. माझा अंदाज चुकला, तर त्या माणसाने धंदा बदलावा असं माझं मत आहे.

सध्या माझी गाडी माझी सासू अर्लीन चालवते. एका संशयिताचा पाठलाग करताना माझा वाहन परवाना रद्द झाला, आणि तो संशयित नगरपालिकेची कचरागाडी निघाला. अर्लीन स्वतःला माझी सहायक मानत नाही. ती माझ्या बायकोची आई आहे, आणि तेही मनाविरुद्ध.

ऑगस्टमध्ये म्यूल्स या आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे व्यवस्थापक ग्रेडी स्टॉकब्रिज यांनी मला बोलावलं. त्या दिवसांत सगळ्या शहरात एकच वाद होता. संघाचा रनिंग बॅक लिंडेल प्रूइट, म्हणजे चेंडू काखेत मारून समोरच्या राक्षसांच्या गर्दीत घुसणारा आमचा हिरो, सराव शिबिराला न येता घरी बसला होता. करारात दोन वर्षं वाढवून द्या, मग येतो, असं त्याचं म्हणणं. तो अठ्ठावीस वर्षांचा होता. या वयात दुसरी माणसं नोकरीत स्थिरावतात. रनिंग बॅकला मात्र लोक गुडघ्याची चौकशी करून निरोप देतात. या वर्षी हात रिकामा राहिला, तर पुढे त्याला कोणी विचारणार नव्हतं.

"रनिंग बॅक म्हणजे दिव्याचा बल्ब," स्टॉकब्रिज मला म्हणाले. "गेला की दुसरा लावायचा. खरी किंमत पुढच्या फळीची. पाच दांडगी पोरं वाट काढून देतात, मागून माझी आत्यासुद्धा धावेल."

"मग अडचण काय?"

"नवा धावणारा आणलाय. पण फळीच हलत नाही! काल सरावात त्या बिचाऱ्याला समोरच्यांनी असा आडवा केला की त्याला खरवडून काढावं लागलं. माझ्या पोरांना कोणीतरी फितवलंय, पेपरडाइन. शोधून काढा."

मी मैदानाच्या कडेला दुर्बीण लावून बसलो. शेजारी अर्लीन विणत होती. माझ्या नजरेतून काहीही सुटलं नाही. प्रत्येक डावाआधी पाचही जण पोटावरून हात फिरवत.

"गुप्त खूण!" मी पुटपुटलो.

"त्यांची पोटं भरलीत," अर्लीन म्हणाली.

फळीचा म्होरक्या टायनी ओबर्ग. चिमुकला अशा अर्थाचं हे नाव त्याला लाडाने पडलंय. तो दारातून आडवा होऊन आत येतो. त्याच्या डावपेचांच्या वहीच्या पानांवर तेलकट डाग होते.

"अदृश्य शाई! उजेडात धरली की संदेश दिसणार."

"उजेडात धरली की चरबी दिसेल."

"अर्लीन, तुम्ही विणा."

दुपारी सराव संपला आणि डुलकी घेऊन उठल्यासारखे ते पाचही जण एका ट्रकमधून निघाले. प्रतिस्पर्धी संघाने त्यांना गुंगीचं औषध चारलं असावं, हा माझा तोवरचा सिद्धान्त. पण ट्रक थांबला तो थेट लिंडेल प्रूइटच्या दारात! मी पुढच्याच क्षणी सिद्धान्त बदलला. बदलाला मी कधीच घाबरलेलो नाही.

घरामागून दाट धूर निघत होता.

"तो संघाचे गुप्त डावपेच जाळतोय," मी फोनवर स्टॉकब्रिजना सांगितलं. "पाच साथीदारांसह. ताबडतोब या. मी घराला वेढा घातलाय."

वेढा घालायला मी एकटाच होतो, म्हणून घराच्या एकाच बाजूला घातला. कुंपणाच्या झुडपात मी आडवा पडलो. अर्लीनने गाडी बंद केली, विणकाम पर्समध्ये टाकलं, आणि सरळ जाऊन दारावरची घंटा वाजवली.

मी डोळे मिटून घेतले. बंदुकीचा आवाज आला नाही. "या ना मावशी, बसा," एवढंच ऐकू आलं.

स्टॉकब्रिज पोहोचले तेव्हा अर्लीन मागच्या अंगणात बसून डुकराच्या बरगड्या खात होती. तिच्या भोवती ते पाच जण, आणि समोर लोखंडी भट्टीपाशी एप्रन बांधलेला लिंडेल. मी झुडपातून सन्मानाने बाहेर आलो.

"आठवडाभर रोज जेवतायत इथे," अर्लीन बोटं चाटत म्हणाली. "मी विचारलं, त्याने सांगितलं."

"म्हणजे माझ्या फळीला तू मुद्दाम फुगवतोयस?" स्टॉकब्रिज ओरडले.

लिंडेलने चिमटा खाली ठेवला. "नाही साहेब. हंगाम संपला की धावणाऱ्याने फळीला जेवू घालायचं, ही आमच्यातली रीत आहे. हे लोक वाट काढतात, नाव माझं होतं. या वर्षी मला हंगामच मिळाला नाही तर? म्हणून आधीच घालून टाकतोय. लहानपणापासून ऑगस्टमध्ये सकाळी सरावात अंगावर कोणी ना कोणी पडायचंच. आता उठतो, पण काय करायचं ते कळत नाही. मग भट्टी पेटवतो."

मी दुर्बिणीच्या काचा पुसल्या. धुरामुळे, अर्थात.

"रोज एवढं खाल्लं तर हलणार कसे हे?" स्टॉकब्रिज म्हणाले. "टायनी, उद्यापासून इथे यायचं नाही."

"त्याचं मन मोडू?" टायनीने नवी बरगडी उचलली. "नाही जमणार साहेब."

"बरं, लिंडेल, भट्टी विझव आणि उद्या शिबिराला ये. एक वर्ष वाढवून देतो."

लिंडेलने भट्टीत आणखी दोन लाकडं सरकवली. टायनीने पट्टा एक भोक सैल केला.

"हे काय चाललंय?"

"वाटाघाटी," अर्लीन म्हणाली. "खा, गरम आहे."

स्टॉकब्रिजनी रागारागाने एक बरगडी तोंडात घातली. मग बसले. मग दुसरी घेतली. तिसरीनंतर त्यांचा आवाज खाली आला. "दोन वर्षं. झालं?"

पाचही जणांनी लिंडेलला एकदम मिठी मारली, त्यामुळे तो काही वेळ कोणालाच दिसला नाही. मोकळा झाल्यावर त्याने चेहरा पुसला.

"साहेब, एक विचारू? हे तुम्ही मी धावतो म्हणून देताय, की स्वयंपाक थांबवावा म्हणून?"

स्टॉकब्रिज बराच वेळ चावत राहिले. हाड नीट साफ करून त्यांनी ताटात ठेवलं.

"पहिलं वर्ष स्वयंपाक थांबवण्याचं," ते म्हणाले. "दुसरं धावण्याचं."

लिंडेल पाठ फिरवून भट्टी विझवू लागला. एक बादली पाणी पुरलं असतं. त्याने तीन ओतल्या, आणि तोवर एकदाही मागे वळून पाहिलं नाही.