तुळशीला टक्कल आणि फ्रिजात पेस्टो

"विनातिकीट माणूस मला वासाने कळतो!" असं दत्ताराम अण्णा चारचौघांत छातीवर हात मारून सांगत. आणि ते खोटंही नव्हतं. उभी नोकरी त्यांनी एसटीच्या तिकीट तपासणीत काढली. मंडणगडच्या वाटेवर गाडी थांबवायची, झोपलेल्या उतारूचा खांदा हलवायचा आणि "तिकीट?" एवढंच विचारायचं. भल्याभल्यांची झोप उडायची! आता निवृत्त होऊन मांडवीच्या घरी ओटीवर बसले, पण नजर तीच राहिली. दूधवाला आला तर अण्णा दुधाकडे बघत नसत, दूधवाल्याच्या डोळ्यांकडे बघत.

दिवाळी सरली तसा अण्णांना खोकला लागला. त्यांच्या पत्नी दमयंतीकाकू पुन्हा एकदा म्हणाल्या, "अडुळशाचा काढा देते करून."

"काढा? झाडपाला खायला मी बकरा आहे काय? चहा टाक त्यापेक्षा!"

चहा आला. पहिल्याच घोटाला अण्णा खूश! "वा गो! हल्ली तुझ्या चहाला काय चव आलीय!"

काकू पदराला हात पुसत आत गेल्या. अण्णा कप घेऊन अंगणात उतरले आणि जागीच थबकले. वृंदावनातली तुळस पुढून हिरवीगार, पण स्वयंपाकघराच्या बाजूने पार बोडकी! नुसत्या काड्या!

तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं. वाडीतलं पहिलं लग्न अण्णांच्या अंगणात लागायचं, मग बाकीच्या घरी. आजोबांपासूनचा मान तो! आणि नवरीलाच टक्कल?

तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडून रावजीने मान वर काढली. रावजी अण्णांचा चुलतभाऊ, आणि त्या मानावर त्याचा कधीपासून डोळा.

"काय रे दत्ताराम, नवरीला बरं नाही काय? आमची बघ कशी फोफावलीय! यंदा पहिलं लग्न आमच्या अंगणात लावूया."

"जळलं मेल्या तुझं तोंड! नवरी ठणठणीत आहे!"

अण्णा घरात आले ते थेट काकूंपुढे. "तुळशीची पानं कुठे जातात गो?"

काकू चपापल्या. "थंडी पडली की झडतातच थोडी," म्हणाल्या आणि घाईघाईने नारळ खवायला बसल्या.

अण्णांनी डोळे बारीक केले. ही कोणालातरी पाठीशी घालतेय! कोणाला? घरात तिसरं माणूस एकच. सून, दिशा! मुलगा दीपेश मुंबईला नोकरीत, आणि ही दिवाळीसाठी आलेली नाशिकची पोर लॅपटॉप मांडून इथेच राहिलेली. पोरगी तशी गोड. पण अण्णांच्या अनुभवात विनातिकीट माणसं गोडच असायची!

झालं, तपास सुरू! ओल्या कचऱ्याची बादली उघडली, तर वर हिरवे कोवळे देठ! अण्णांनी ते हळूच पेपरात गुंडाळून कपाटात ठेवले. दुपारी सगळे आडवे झाले की मिक्सर घरघरायचा. आणि वास यायचा तो काय! थोडा तुळशीचा आणि त्यावर भसाभसा लसणाचा!

"दिशा, काय वाटतेस गो रोज?"

"पेस्टो, अण्णा! इटालियन चटणी. अजून जमत नाहीये मनासारखी. जमली की सगळ्यांना देणार!"

"कसली पानं घालतात त्यात?"

"बेसिल. म्हणजे तुळशीचीच जात."

कबुली! हसत हसत दिलेली धडधडीत कबुली! अण्णांनी ती मनात नोंदवून ठेवली. उतारू तिकीट नाही म्हणाला, तरी दंड सगळ्या गाडीसमोर करायचा असतो.

त्यांनी पहारा बसवला, स्वतःचाच. सकाळी उठून वृंदावनासमोर खुर्ची टाकायची आणि जेवणापुरतं हलायचं. पहारा म्हटला की घसा कोरडा पडणार, खोकला उसळणार, म्हणून चहाही वाढला. "दमयंती, अजून एक कप! मघासारखाच हां!" समोरून कावळाही फिरकत नव्हता. दिशा तर त्या बाजूला बघतसुद्धा नव्हती. काकू तेवढ्या आंघोळ करून यायच्या, पाणी घालायच्या, प्रदक्षिणा घालायच्या, पलीकडच्या बाजूला जरा जास्त वेळ नमस्कार करायच्या आणि आत जायच्या. एवढी भक्ती बघून अण्णांचे डोळे भरून यायचे.

आणि तरी पानं कमीच! जितका पहारा कडक, तितकं टक्कल मोठं! अण्णांनी ओळखीच्या मच्छीमाराकडून जुनं जाळं आणून तुळशीवर टाकलं. दुसऱ्या दिवशी जाळं जागेवर, पानं गायब! रावजीने तर गडग्यावरून विचारलंच, "काय रे, नवरी पळून जाईल म्हणून बांधलीस काय?"

अण्णांनी शेवटी दुपारी फ्रिज उघडला. मागच्या कोपऱ्यात हिरवी गच्च बरणी! बोट बुडवून चाटलं. लसूण! काजूगर! वर कसलंसं खारट चीज! अरे देवा! नवरीला लसूण लावून वाटलीय!

लग्नाची संध्याकाळ झाली. वाडी अंगणात जमली. ऊस उभा राहिला, चिंचा-आवळे आले. काकूंनी नवरीच्या बोडक्या बाजूला जरीचा खण लपेटला आणि त्या आत चहा टाकायला गेल्या. अण्णा मात्र सकाळपासून चिडलेले. चहाही पांचट लागत होता, पण डोक्यात खटला असताना चहाचं कोण बघतो!

रावजीने आल्या आल्या खण उचलून पाहिला. "अरे बापरे! दत्ताराम, हिला घेऊन बोहल्यावर उभा राहतोस? चला रे, आधी आमच्याकडे!"

"थांबा!" अण्णा गरजले. एका हातात बरणी, दुसऱ्या हातात पेपरातले देठ. "आधी हिचा निकाल! दिशा, ही आपल्या तुळशीची चटणी केलीस की नाही?"

दिशाचा चेहरा पडला. "माझ्यावर संशय घेतलात, अण्णा? विचारायचं तरी होतं हो!" डोळे पुसतच ती गच्चीवर गेली आणि भलीमोठी कुंडी कवेत घेऊन आली. रुंद, चकचकीत पानांचं झुडूप. "हा बेसिल. बी आणून लावलाय मी. तुळशीला बोटसुद्धा लावलं नाही!"

"अरे, हा तर सब्जा!" कोणीतरी म्हणालं. रावजीने तोवर बरणीत बोट घालून चाटलंही. "पण झकास झालीय हां!" बरणी अंगणभर फिरू लागली.

अण्णा कसनुसे झाले. "मग... मग तुळस खाल्ली कोणी?" विचारता विचारता खोकल्याची उबळ आली. काकू नेमक्या चहाचं तबक घेऊन बाहेर आल्या. अण्णांनी कप उचलला, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"शी! हा काय चहा? सकाळीही असाच! रोजची चव कुठे गेली?"

काकू दमल्या होत्या. भडाभडा बोलून गेल्या, "आज द्वादशी, द्वादशीला तुळस खुडतात होय? उद्या घालीन हो मूठभर!"

अण्णांनी हातातल्या कपात डोकावून पाहिलं.

"मूठभर?"

"मग काय करू? काढा म्हटलं की अंगावर येता. चहातून तरी पोटात जाऊ दे म्हटलं. त्यात दिवसभर खुर्ची टाकून कपावर कप मागत होता!"

रावजी गडाबडा लोळायचा बाकी राहिला. "म्हणजे राखणदारच नवरी प्यायला!"

अण्णांनी मान खाली घातली. मान गेलाच होता रावजीच्या अंगणात. तेवढ्यात दिशाने आपली कुंडी उचलली आणि नवरीच्या बोडक्या बाजूला चपखल लावून ठेवली. "करवली आहे म्हणा, रावजीकाका. नवरी एकटी कशी उभी राहणार?"

सगळे हसले आणि कोणीतरी मंगलाष्टकं सुरू केली. पहिलं लग्न अण्णांच्याच अंगणात लागलं.

अक्षता टाकताना अण्णा सुनेजवळ सरकले. "दिशा, चुकलो गो मी."

"असू दे, अण्णा. पण दंड होणार!" असं म्हणून तिने सासूबाईंकडे पाहिलं. काकू आत गेल्या आणि अडुळशाच्या काढ्याचा पेला घेऊन आल्या. काठोकाठ भरलेला.

सगळी वाडी बघत होती. अण्णांनी डोळे मिटले आणि एका दमात पेला संपवला.