बोर्डासमोर

"बोर्ड बसलंय म्हणजे काय?" तात्या एवढ्या जोरात ओरडले की दवाखान्याच्या व्हरांड्यात रडणारी पोरं गप्प झाली. "बोर्ड टांगतात, बोर्ड रंगवतात. बोर्ड बसतं कधी?"

"आता बसलंय त्याला मी काय करू?" शिपाई आकाराम म्हणाला. "आतल्या खोलीत बसलंय. च्या घेतंय."

तात्यांनी मागं वळून मुलीकडं बघितलं. "ऐकलंस, अनसूया? फळी चहा पितीय!"

साताऱ्याच्या एका लाकडाच्या वखारीत तात्यांनी उभी हयात कारकुनी केली होती. त्यांची सगळी इंग्रजी तिथंच करवतीखालून निघालेली. लॉग म्हणजे ओंडका, बीम म्हणजे तुळई आणि बोर्ड म्हणजे फळी. या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची पेठेत कुणाची छाती नव्हती. म्हणून मिरजेच्या दवाखान्यातून नर्सिंगच्या निवडीसाठी 'बोर्डासमोर हजर राहा' असं इंग्रजीत बोलावणं आलं, तेव्हा त्याचा अर्थ तात्यांनीच लावला. तिथं एक काळी फळी असणार आणि तिच्यासमोर उभं राहायचं.

"तात्या, बोर्ड म्हणजे मंडळ असेल हो," अनसूया घरी म्हणाली होती. "आमची मॅट्रिक नाही का बोर्डानं घेतली?"

"निकाल फळ्यावर लावतात, म्हणून ती बोर्डाची! मला शिकवू नकोस."

मुळात मुलीला तीन वर्षं परगावी ठेवायला तात्या राजीच नव्हते. अनसूयेनं सगळा उन्हाळा अबोला धरला, तिच्या आईनं, विनोदिनीबाईंनी, भाजीत मीठ घालणं सोडलं, तेव्हा कुठं ते "नुसतं जाऊन येऊ" एवढ्यावर आले होते. हो म्हणायचा त्यांचा विचारच नव्हता. पण जायचं तर सांगितलंय तसंच जायचं.

दवाखान्याच्या भिंतीवर काळी फळी होतीच. तात्यांनी अनसूयेला तिच्यासमोर उभं केलं आणि स्वतः बाजूला छत्री रोवून उभे राहिले. तेवढ्यात हा आकाराम आला आणि त्यांना आत हाकलायला लागला.

"आवं, बोर्ड म्हंजे मोठा डाक्टर!" आकारामानं आवाज चढवला. "तीन बोर्ड आल्यात पुन्याहून. त्यात एक बाई बोर्ड हाय."

"तीन? मला भिंतीवर एकच दिसतोय. आणि फळीत बाई-पुरुष कधीपासून व्हायला लागले?"

"तुमाला न्हाई कळायचं."

"मला? अरे, आयुष्यात जितके बोर्ड मी मोजून दिलेत तितके तू पुसलेपण नसशील!"

हे भांडण ऐकून वडूजचे हंबीरराव पुढं आले. ते फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, आणि भाचीला घेऊन याच कामासाठी आले होते. "काय झालं, पावनं?"

"हा माणूस रांग मोडायला सांगतोय."

रांग म्हणजे तेव्हा फक्त अनसूयाच होती. पण रांग मोडणं हा शब्द सुभेदारांना सहन झाला नाही. "आसं कसं? एका मागं एक ऱ्हायचं! चल गं, हुबी ऱ्हा पोरीच्या मागं!" त्यांनी भाचीला उभं केलं. मग सांगलीच्या, तासगावच्या मुली आल्या, त्याही मागं लागल्या. रांग बघून खोकल्याचं औषध न्यायला आलेली राहीबाई लागली, आणि राहीबाईच्या मागं डोळे, दात, गुडघे असे सगळेच आजार येऊन उभे राहिले. रांग फाटकाबाहेर गेली. आकाराम डोकं धरून पायरीवर बसला.

"तात्या, मी पाणी पिऊन येते," अनसूया म्हणाली.

"जा, पण लवकर ये. मी नंबर धरतो."

रांगेच्या मध्यावर कुणीतरी घुसलं होतं. तात्या आणि हंबीरराव तिकडं धावले. पाणी पिऊन अनसूया व्हरांड्यात परतली नाही, ती सरळ आतल्या खोलीत शिरली, हे दोघांनीही बघितलं नाही.

घुसणाऱ्याला हाकलून तात्या परत फळीपाशी नंबर धरून उभे राहिले. बऱ्याच वेळानं पांढऱ्या लुगड्यातली, चष्मा लावलेली एक बाई आतून आली आणि थेट फळीपाशी, रांगेच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. तात्यांचं डोकंच फिरलं.

"ओ बाई! मागं जा! सकाळपासून लोक उभे आहेत ते काय येडे आहेत?"

"मला जरा विचारायचं होतं. अनसूयेचे वडील तुम्हीच का?"

"होय, मीच! आणि पहिला नंबर तिचा आहे, आधीच सांगून ठेवतो. कुणाचा वशिला आणलात तरी ती हलायची नाही!"

"तिला इथं तीन वर्षं राहावं लागलं तर..."

"तीन काय, तेरा वर्षं राहील!" तात्यांनी छत्री आपटली. "माझी मुलगी आहे ती. इथं आलीय ती जागा घेतल्याशिवाय परत जायची नाही!"

"शाब्बास!" हंबीरराव मागून गरजले. सगळ्या रांगेनं टाळ्या वाजवल्या.

"छान," बाई म्हणाल्या. "तिची निवड झाली आहे. फक्त वडील सोडतील का, याची तिलाच शंका होती, म्हणून विचारायला आले. मी निवड बोर्डातली डॉक्टर." मग त्या रांगेकडं वळल्या. "बाकीच्या मुलींनी आत यावं. आम्ही केव्हाची वाट बघतोय."

रांगेतल्या मुली भुर्रकन आत गेल्या. दारात उभ्या असलेल्या अनसूयेनं वडिलांकडं बघितलं. तात्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण सुभेदार त्यांचा हात हातात घेऊन म्हणत होते, "बाप असावा तर असा! लय मोठं मन!" तात्यांनी तोंड मिटलं.

पुढच्या महिन्यात तिला पोचवून तात्या एकटेच साताऱ्याच्या एसटीत बसले. शेजारच्या शेतकऱ्यानं विचारलं, "मिरजंला कुनाकडं गेल्तासा?"

"मुलीला ठेवून आलो. नर्स होणार आहे. बोर्डिंगात राहती."

"बोर्डिंग म्हंजे काय वं?"

तात्यांनी खिडकीबाहेरच्या उसाकडं तोंड वळवलं.

"जेवायला वेळेवर घालतात म्हणे," ते म्हणाले आणि उपरण्यानं नाक पुसलं.