दुसाहेबा कोण?

"मला पाहून भलेभले गुन्हेगार बोलायला लागतात," मामा म्हणतो. मी आजवर मामालाच बोलताना पाहिलंय. आमच्या कपडे धुण्याच्या कारखान्यात मामा म्हणजे अख्खा संगणक विभाग, पण दारावर त्याने पाटी लावलीय: 'गुप्तहेर, तसेच प्रिंटर दुरुस्ती'. त्याचे डोळे तीक्ष्ण, कान तीक्ष्ण. त्यांच्या मधे जे आहे त्याबद्दल मी, त्याची भाची आणि एकुलती एक सहायक, काही बोलत नाही.

सोमवारी सकाळी मामाने कारखान्याचं चॅट अपडेट केलं. दहा मिनिटांत निरोप येऊ लागले.

"दुसाहेबा मजला पुसून झाला."

"चादरींच्या घड्या साहेबळ घाला."

"तिसाहेबी खेप अडकली. ड्रायव्हर साबणावरून घसाहेबला."

साहेब, म्हणजे आमचे व्यवस्थापक, धाडकन आत आले. "कोण माझी टिंगल करतंय? पाच वाजेपर्यंत नाव हवं, नाहीतर तुम्ही दोघंही घरी!"

मला नोकरीला लागून अडीच महिने झाले होते. तीन झाले की कायम होणार होते. आईला तर मी 'झाले कायम' असं सांगून मोकळीही झाले होते.

मामाने भिंग काढून स्क्रीनला लावलं. "शाई ताजी आहे."

"मामा, ती स्क्रीन आहे."

"म्हणूनच संशय येतोय."

अकरा वाजता त्याने शेजारच्या लाँड्रीचा हेर ठरवला. पुरावा: त्यांच्या चौकीदाराने मामाला 'काय चाललंय?' असं विचारलं होतं. एक वाजता भूत निघालं.

"भूत लाँड्रीत कशाला येईल?" मी विचारलं.

"पांढरे कपडे कोण घालतं?"



तीन वाजता मामाने साहेबांना बोलावून टेबलावर मूठ आपटली. "दुसाहेबा! तिसाहेबी! एक साहेब गेला की दुसरा तयार, मग एक बाईसाहेब! साहेब, हा तुमच्या खुर्चीविरुद्धचा कट आहे."

साहेबांनी खुर्ची चाचपून पाहिली. "आणि 'घसाहेबला'?"

"घ म्हणजे घर. तुमच्या घरातही माणूस पेरलाय."

"घरी सासरे आलेत," म्हणत साहेब पांढरेफटक पडले.

तेवढ्यात इस्त्रीवाल्या मावशी साहेबांचा कोट घेऊन आल्या. स्क्रीनवर नजर टाकून म्हणाल्या, "घसाहेबला काय? घसरला. दुसाहेबा म्हणजे दुसरा. जिथे 'सर' तिथे 'साहेब' झालंय." मग मामाकडे वळल्या. "साहेबांना 'सर' म्हटलेलं खपत नाही, म्हणून मागच्या वर्षी तुम्हीच नाही का ती स्क्रिप्ट लिहिली? 'सर' लिहिलं की आपोआप 'साहेब' व्हायचं."

मी स्क्रिप्ट उघडली. जुनं चॅट फक्त सुटा 'सर' बदलायचं. नवं शब्दाच्या पोटात शिरून बदलत होतं. अपडेट करताना सूचनाही आली होती: 'आपल्या जुन्या स्क्रिप्ट आधी तपासून घ्या.' मामाने न वाचता 'ठीक आहे' दाबलं होतं.

"म्हणजे गुन्हेगार सापडला!" मामा ताठ उभा राहिला. "तो मीच. माझ्या हातून कुणी सुटत नाही."

साहेब लालबुंद झाले. त्यांनी फोन काढून त्याच चॅटवर थेट मालकीणबाईंना लिहिलं: 'संगणक विभागाला आजच सरसकट घरी पाठवावे. मंजुरी असावी.'

"थांबा, स्क्रिप्ट अजून चालू आहे!" मी ओरडले. पण बटण दाबलं गेलं होतं. स्क्रीनवर उमटलं:

"संगणक विभागाला आजच साहेबसकट घरी पाठवावे. मंजुरी असावी."

लगेच उत्तर आलं. "मंजूर."

मामाने शांतपणे डबा पिशवीत भरला. "चला साहेब, बरोबरच निघू."

"अगं, ते बंद कर ना आधी!" साहेब माझ्याकडे पाहून कळवळले.

"दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हणाले. "पण कायम झालेल्या माणसाचं."

साहेबांनी एकेक अक्षर तपासत लिहिलं: "मागचा निरोप चुकून गेला. रद्द समजावा. विभाग राहील, भाची कायम, आणि मीही."

मालकीणबाई बराच वेळ टाइप करत होत्या. शेवटी आलं:

"बरं. पण निर्णय चांगला होता."