भज्जीत पडलेला चुना

वाजतगाजत चाललेली वरात भर रस्त्यात अडवून, बँडवाल्यांना गप्प करून, नवरदेवाला घोड्यावरून खाली उतरवणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. वरात माझ्या सख्ख्या भावाची होती.

बीदरहून औरादकडे जाताना भावाच्या सासुरवाडीच्या वाटेवर, एका ओढ्यावर, निजामाच्या काळातला दगडी पूल आहे. पाच कमानी, सगळी चुन्याची बांधणी. वरात पुलाच्या तोंडाशी आली आणि डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला सत्तरीचा म्हातारा काठी आडवी धरून उभा राहिला.

"नाचत जायाचं न्हाई. चालत जावा. शंभर पाय एका तालावर पडले की पूल हबकतो."

माझा मेहुणा तावातावाने पुढे झाला. "कामून? पूल तुमच्या बापाचा हाय का?"

"बापाचा असता तर इकून खाल्ला असता. कुणाचाच न्हाई, म्हणून राखायलोय."

शेवटी मयतीला जावं तशी आमची वरात मुकाट पूल ओलांडून गेली. अपशकुन झाला म्हणून आईने पदर डोळ्यांना लावला. पलीकडे पोचल्यावर म्हाताऱ्यानेच बँडवाल्यांना हात केला, "हां, आता वाजवा! दणकून वाजवा!" आणि स्वतः काठी उंचावून दोन गिरक्याही मारल्या. भावाचा संसार छान चाललाय, तेव्हा अपशकुन वगैरे काही नव्हता.

हे काशप्पा. पंचक्रोशीत पूलवाले अप्पा. सगळी नोकरी त्यांनी मैलकुली म्हणून केली. म्हणजे डोक्यावर घमेलं घेऊन रस्त्याचे खड्डे बुजवायचे, कडेची झाडं राखायची. नोकरी सरली तरी माणूस काही रस्त्यावरून उठला नाही. पुलाला लागूनच त्यांची दीड एकर जमीन आणि दोन खणांचं घर. घरात ते आणि महादेवी अक्का. अक्का पुलाला "माझी सवत" म्हणत. जड ट्रक गेला की अप्पा कठड्याला कान लावून बसत. काय करताय विचारलं तर म्हणत, "नाडी बगायलोय."

त्यांचं खरं वैर होतं पिंपळाशी. दगडांच्या सांध्यात पिंपळ उगवतो, मुळ्या पसरतो आणि भिंत फोडतो. पण पिंपळ उपटणं म्हणजे पाप. अप्पांनी यावर तोड काढली होती. आधी हात जोडायचे, "माफ कर बाबा, दुसरीकडं नेऊन लावतो," म्हणायचं, मग अलगद उपटून डब्यात घालायचं. असे डबे घेऊन ते बीदरला येत आणि ज्या कचेरीत अर्ज देत तिथल्या आवारात एक पिंपळ लावून जात. आज कुठल्या कचेरीच्या अंगणात किती पिंपळ आहेत ते पाहिलं की कुणी अप्पांना किती हेलपाटे घालायला लावले ते कळतं.

माझं बीदरलगत नौबादला झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. अप्पांचे कानडी अर्ज मीच टाइप करायचो. वरातीचा राग पहिल्या अर्जातच गेला. दुसऱ्या अर्जापासून मला कचेऱ्यांचा जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

झालं होतं असं, की रस्ता रुंद करायचा ठरला. पूल पाडायचा, सिमेंटचे पाइप टाकायचे आणि वरून डांबर ओढायचं. कुणीतरी येऊन दगडांवर तांबडे आकडेसुद्धा घालून गेलं. अप्पांचं म्हणणं साधं होतं. पूल ठणठणीत आहे, फक्त त्याच्यावरून जड गाड्या नकोत. पूल राखा, नवा रस्ता बाजूने काढा.

हे ऐकायचं कुणी? रस्त्याचं खातं म्हणालं, वरचं डांबर तेवढं आमचं, कमानी जुन्या आहेत, त्यांचं आम्हाला विचारू नका. जुन्या वास्तूंचं खातं म्हणालं, जुना आहे खरा, पण आमच्या यादीत नाही. पाण्याचं खातं म्हणालं, कमानीखालून वाहतं ते आमचं. डिसेंबरात तिथे काहीच वाहत नाही, म्हणजे ते मोकळेच! पंचायत म्हणाली, अलीकडचं टोक आमचं, पलीकडचं दुसऱ्यांचं, अर्ध्या पुलाचा ठराव कसा करणार? अहो, पाडायच्या कागदावर मात्र चौघांपैकी एकालाही अडचण नव्हती. पाडताना पूल सगळ्यांचा होता, राखताना कुणाचाच नाही.

शेवटी एका दयाळू कारकुनाने सांगितलं की चारी खात्यांनी एकत्र पाहणी करून एका कागदावर सह्या केल्या तर पूल वाचेल. झालं! तीनदा तारीख ठरली. पहिल्यांदा दोघे आले, दुसऱ्यांदा एकटाच आला. तिसऱ्यांदा कुणीच आलं नाही. अप्पा आणि मी संध्याकाळपर्यंत कठड्यावर बसून होतो. मी चौघांच्या नावाने जे काही बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

"आरडू नगंस, राजप्पा," अप्पा म्हणाले. "सरकारी तारखेला न्हाई येत, तर आपल्या तारखेला बोलवू. येळवस जवळ आली की."

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, हा आमच्या भागातला मोठा सण. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. पीक पोटात घेतलेल्या जमिनीला आम्ही गरोदर लेक मानतो, तिचं डोहाळजेवण करतो. शेतात या म्हटलं की त्या दिवशी नाही म्हणायचं नसतं. बदलून आलेले मंगळूर-म्हैसूरकडचे साहेबलोकही भज्जी, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची घट्ट मिसळभाजी, खायला हौसेने जातात. अप्पांनी चारी साहेबांना वेगवेगळं गाठलं आणि प्रत्येकाच्या कानात सांगितलं, "साब, तुमीच या. दुसऱ्या कुणाला बोलवलं न्हाई."

चौघेही आले. एकमेकांना बघून त्यांचे चेहरे असे झाले, की जणू 'तूच एकटी' म्हणून आणलेल्या चार सवती समोरासमोर आल्या. पण ताटावर बसलेला माणूस उठून जात नाही. ऊन लागेल म्हणून अप्पांनी पंगत मुद्दाम मधल्या कमानीखाली, कोरड्या वाळूत मांडली होती. अक्कांनी वाढलं. भज्जी, सज्जाची म्हणजे बाजरीची भाकरी, उकडलेले उंडे, खीर, गाडग्यातली आंबील. रस्त्याचे साहेब तिसऱ्यांदा भज्जी मागत होते, तेवढ्यात वरून विटांचा ट्रक गेला.

कमान घुमली. आणि वरच्या सांध्यातला चुना भसाभस साहेबांच्या भज्जीत पडला.

"काय हे!" साहेब ओरडले. "कुणाची जबाबदारी आहे ही?"

अप्पा आंबीलीचं गाडगं खाली ठेवून हात जोडून उभे राहिले. "तेच इचारायला बोलवलंय, साब. दोन वर्सं झाली इचारायलोय. तुमच्या भज्जीत पडला त्यो चुना कोन्च्या खात्याचा?"

चौघांतली एक, जुन्या वास्तूंच्या खात्याची तरणी बाई, पहिल्यांदा हसली. हसता हसता ती मान वर करून बघायला लागली आणि बघतच राहिली. उठून तिने दगडावरून हात फिरवला. पाण्याचे साहेब पायाकडे गेले. पंचायतीचे सेक्रेटरी, ज्यांनी आयुष्यात हा पूल खालून पाहिला नव्हता, म्हणाले, "अरे, हे तर चांगलं आहे की!" म्हणजे दोन वर्षं ज्याच्यावर शेरे मारत होते, तो पूल त्यांनी आज पाहिला! मी दात आवळून पिशवीतून पाहणीचा टाइप केलेला कागद काढला. चार प्रती. हात धुऊन तिघांनी सह्या केल्या.

रस्त्याचे साहेब पेन हातात धरून थांबले. "मी सही करतो. पण मग रस्ता वळवावा लागेल. पलीकडे गायरान आहे, ते मिळेल. अलीकडे ही यांचीच जमीन आहे," साहेबांनी ज्वारीकडे बोट दाखवलं, "रस्ता बरोबर तिच्या मधून जाईल. मालकाची संमती नसेल तर ही सही काय कामाची?"

माझं डोकं सणकलं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात अप्पांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून साहेबांच्या हातात दिला. संमतीपत्र. टाइप केलेलं. खाली अप्पांची वाकडीतिकडी सही आणि अक्कांचा अंगठा. चौथी सही झाली.

माणसं गेली. मी अप्पांवर तुटून पडलो. दीड एकरातून रस्ता गेला तर उरणार काय, दोन चिंध्या? आणि हे कुठे टाइप केलं? माझं दुकान काय बंद पडलं होतं?

"तुझ्याकडं आलो असतो, तर तू टाइप केला असतास व्हय?" अप्पा म्हणाले. "भांडला असतास. म्हणून दुसरीकडं पाच ठिकाणी चुका असलेला करून आनला."

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या तारखेला रस्त्याचा साहेब एकटाच आला हुता न्हाई का, तवाच बोलला. पूल पडला तर तसा दगड घडवणारा कोन हाय आता? तू आनशील?"

ते उरलेल्या आंबीलीचं गाडगं घेऊन शेतात शिरले. दिवस कलायला लागला की त्या दिवशी शेताच्या कडेने आंबील शिंपडायची असते. पण अप्पा कडेने गेले नाहीत. ज्वारीत मधोमध उभे राहिले, साहेबांनी बोट दाखवलं होतं बरोबर त्या रेषेवर, आणि ज्वारीच्या पानाने ओळीओळीने शिंपडत हळूहळू चालायला लागले. ओठ हलत होते. जगाशी तार स्वरात भांडणाऱ्या या माणसाचा आवाज मला दहा हातांवरून ऐकू येईना.

अक्का भांडी घासत होत्या. मी म्हटलं, "अक्का, काय बोलायलेत त्ये?"

"तिला सांगायलेत," अक्का म्हणाल्या. त्यांनी राखेचे हात तसेच ठेवले आणि वर बघितलं नाही. "आमाला लेकरू न्हाई, राजप्पा. चाळीस येळवशी हिचंच डोहाळजेवण केलं आमी. पुढल्या वर्सी डांबर पडल्यावर हिला कोन जेवायला घालंल, म्हणून कागद केल्यापास्नं त्ये नीट जेवले न्हाईत. आज बी न्हाई. तू हाक मार बाबा, माझं ऐकत न्हाईत."

मी ताट वाढून घेतलं आणि ते हातात धरून ज्वारीत गेलो.