कुंकू, हळद आणि कोळसा

सुनेने घराचं गोदाम केलं होतं आणि वर सासूलाच म्हणे, आवाज करू नका! जानकीबाईंना टेकायला जागा उरली नव्हती. पाटावर पेपर, तांदळाच्या डब्यावर पेपर, देवाच्या फळीवर गणपतीला टेकून पेपर. दर शनिवारी चाचणी, ही घाटकोपरच्या शाळेतल्या हेडमास्तरांची नवी टूम. बावन्न पोरं, सहा शनिवार. तिथे शिकवणारी सून सुलक्षणा चाचण्या घेत राहिली, तपासायच्या राहत गेल्या.

"वाचायला वेळ नाय, तर लिहून कशाला घेतेस गो?"

"आई, सोमवारी इन्स्पेक्टर साहेब येतायत. पेपर तपासलेले नसले तर मी पर्मनंट होत नाही. आता बोलू नका ना!"

जानकीबाईंनी तांदळाचं सूप पुढ्यात ओढलं. मुलाची मिल संपात बंद पडल्यापासून घर सुनेच्या पगारावर होतं.

रविवारी सकाळी एका हातात झारा, दुसऱ्यात लाल पेन अशी कसरत करताना तेल उडालं, ते नेमकं पेनाच्या हातावर. डॉक्टरांनी पट्टी बांधली, गोळी दिली. सुलक्षणा झोपली. पेपर जागेच होते.

जानकीबाईंची शाळा दुसरीतच सुटलेली. पेपर वाचणं त्यांना जमणारं नव्हतं. पण सुनेची नोकरी जातेय आणि आपण तांदूळ निवडतोय, हे त्यांच्या स्वभावात बसेना. पोरं सगळी आसपासच्या चाळींतलीच. त्यांनी ती बोलावून गॅलरीत रांगेने बसवली आणि ज्याला त्याला आपापले पेपर शोधून घ्यायला लावले.

"काय लिहिलंस ते मला समजव. कळलं तर पेपरावर कुंकवाचं बोट. अर्धं कळलं तर हळदीचं. कायच नाय कळलं तर कोळसा."

वर्गात पहिला येणारा बाळा छाती काढून उभा राहिला. "द्रवाचे वायूत रूपांतर होणे म्हणजे बाष्पीभवन."

"असूंदे. माझं ओलं लुगडं वाळतं, तेव्हा त्यातलं पाणी जातं खंय?"

"ते पुस्तकात नाय, आजी."

कोळसा.

"हवेत जातं, आजी," वर्गात कायम मागे बसवलेली मीरा म्हणाली. "म्हणून वारा असला की लवकर वाळतं."

कुंकू.

दिवस मावळताना बाळाची आई प्रेमा तणतणत आली. "माझ्या पोराच्या पेपराला काळं फासलंत?"

"बस. तू समजव मला. कळलं तर पुसते."

प्रेमा बसली. दोन मिनिटांनी तिला कुकर लावायचा राहिल्याचं आठवलं.

त्या आवाजाने सुलक्षणा उठली. "आई! मार्क कुठायत? माझी वाट लागली!" ओल्या फडक्याने पुसायला गेली, तर कुंकू पसरून पेपरच गुलाबी झाला.

सोमवारी जानकीबाई सकाळपासून दाराशी बसून होत्या. सून आली ती दारातच खाली मान घालून उभी राहिली.

"काढलं काय गो?"

"नाही. मी रंगांचा अर्थ सांगितला, तर साहेबांनी आधी कुंकवाच्या मीराला विचारलं, मग कोळशाच्या बाळाला. म्हणाले, कुणाला काय येतं ते एका नजरेत कळतंय. दर शनिवारची चाचणी बंद. महिन्यातून एकदाच घ्यायची, पण अशी, समजावून घेत. हेडमास्तर मला पर्मनंट करतायत."

"मग तोंड का पाडलंस?"

"त्यांनी विचारलं, ही पद्धत कुणाची? मी... माझी म्हणाले."

जानकीबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"खोटं बोललीस, ते वाईट. पण खरं सांगितलं असतंस, तर साहेबाने मलाच पर्मनंट केलं असतं नि तुला माझ्या हाताखाली दिलं असतं. घरात माझी सून आहेसच. शाळेत पण झाली असतीस, तर मेली असतीस गो!"