खिडकीखालचं बेट

टिपणीसकाका आपल्या गवताच्या बेटांभोवती रोज सकाळी चुलीतली राख पसरून ठेवत. खत म्हणून नव्हे हो, चोराचं पाऊल उमटावं म्हणून!

त्या काळच्या डोंबिवलीत घरं कमी आणि गवत उदंड. परसदारी कमरेएवढं गवत फुकट माजलेलं, तेव्हा गवत चोरायला कोण मरायला येणार? पण काकांचं गवत साधं नव्हतं. ते ठाण्याला एका साहेबाच्या हाताखाली कारकून होते. स्वातंत्र्य मिळालं, साहेब मायदेशी निघाला. बाकीच्यांनी त्याच्या टेबलखुर्च्या मागून घेतल्या, काकांनी बागेतले गवताचे गड्डे मागून आणले. पांढरे, मऊ तुरे येणारं विलायती गवत. त्याची चार बेटं आमच्या मधल्या कुंपणाशी आणि एक त्यांच्या खोलीच्या खिडकीखाली.

"मी काही बोलत नाही, पण बघतो सगळं," हे त्यांचं पालुपद. खरं म्हणजे बोलतही सगळं.

एकदा आमच्या वन्सं माहेरपणाला आल्या होत्या. त्यांनी कुंपणातून हात घालून मूठभर पात खुडली आणि गवती चहा म्हणून आधणात टाकली. चहा कसला, चटई उकळल्यासारखी चव! पहिला घोट घेतो न घेतो तोच काका दारात. हातात पातीची खुडलेली टोकं.

"वहिनी, आपल्याकडे चहा झालेला दिसतो." ते वाकून कपात डोकावले, वास घेतला. "पात माझीच आहे."

"अहो काका, पाहुणी चुकली. गवती चहा वाटला तिला."

"वाटतो. सगळ्यांना वाटतो. मी काही बोलत नाही."

झालं! त्या दिवसापासून आळीत मी गवतचोर. माझा असा संताप झाला म्हणून सांगू! आमचे हे म्हणाले, सोडून दे. यांचं काय जातंय म्हणायला?

पण फाल्गुन लागला की हाच माणूस मला हाका मारमारून कुंपणाशी बोलवी. होळीला पोरं वाळकं गवत पळवणार म्हणून त्याआधी बेटांची छाटणी उरकायची. अंगात कोट, डोक्याला टोपी, धोतराचा काचा मारलेला. "बघा वहिनी, आधी कमरेत सुतळीनं बांधायचं, मग कापायचं. म्हणजे पेंढी उभीच्या उभी हातात येते. आणि जमिनीपासून वीतभर ठेवायचं. त्याखाली गेलात की कोंब मेला. दोन वर्षं कापलं नाहीत तर मधून कुजतं, टक्कल पडतं बेटाला." एवढं बोलून त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. डोक्यावर औषधाला केस नाही. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

मात्र खिडकीखालचं पाचवं बेट ते कापत नसत. चांगलं दोन वर्षांचं, वाळून कोळ झालेलं, तरी तसंच उभं. विचारलं तर म्हणत, "ते राहू दे," आणि नजर चुकवत.

आता तुम्हीच सांगा, संशय येईल की नाही? त्यात काकूंना कुणी पाहिलेलं नव्हतं. कधीही जा, काका दार अडवून उभे, "झोपल्यात." आणि भर दुपारी हे गृहस्थ त्या बेटापाशी उकिडवे बसून आत हात घालून काहीतरी करताना मला माडीवरून दिसत. दूध घालणारी बायजा तर म्हणाली, "त्या म्हाताऱ्यानं थितं काय तरी पुरलंय, बाय. मना फिरकू पन देत नाय." माझ्या मनात नाही नाही ते यायला लागलं.

चैत्रातली गोष्ट. काका औषध आणायला कल्याणला वैद्यांकडे गेलेले. मी पदर खोचला, विळा घेतला आणि फाटक उघडून आत शिरले. कुणी विचारलंच तर, काकांना मदत केली म्हणून सांगणार होते. बेट कमरेत बांधलं, वीतभर ठेवून कापलं. खुंट फाकवून पाहिले. माती आणि जुनी मुळं. दुसरं काही नाही.

इतक्यात वरच्या खिडकीतून बारीक आवाज आला, "अहो, वारा पडला का हो?"

मी खिडकीखाली सरकून कान दिला. आतून श्वास ओढल्याचा आवाज येत होता. दम्याचा, शिट्टी वाजल्यासारखा. "गवत वाजत नाहीये," त्या म्हणाल्या. "कोंडल्यासारखं होतंय हो."

बाहेर आंब्याचं पान हलत नव्हतं. काका दुपारी तिथे बसून काय करत ते लख्खकन माझ्या ध्यानात आलं, आणि मी काय कापलं तेही. मी ती पेंढी उचलली आणि खिडकीखाली धरून हलवली. सळसळ झाली. "आला बाई," काकू म्हणाल्या. हळूहळू श्वास सावरला. मी हलवत राहिले. हात भरून आले, डोळ्यांना धार लागली.

फाटक वाजलं. काकांनी खुंट पाहिले, मला पाहिलं. आता हे आळी गोळा करणार! पण ते औषधाची बाटली पायरीवर ठेवून माझ्याजवळ आले आणि कुजबुजले, "हिरवं वाजत नाही हो. वाळलेलंच वाजतं. म्हणून ठेवलं होतं."

"आणि आम्हाला आत का येऊ देत नाही?"

"आत आल्या आल्या लोक पहिलं काय बोलतात? 'काय उकडतंय हो!' ते ऐकलं की हिला दिवसभर श्वास पुरत नाही."

हे वाक्य मी स्वतः त्यांच्या दारात कितीदा तरी बोलले होते. "काका, चुकलं माझं," मी म्हणाले.

ते माझ्याशेजारी उकिडवे बसले. पेंढीवरचा माझा हात उचलून त्यांनी वर सरकवला. "बुंध्याला नाही, तुऱ्यांखाली धरा. आणि एकसारखं हलवू नका. खरा वारा मधे थांबतो."

मी थांबले. आत काकू वाट बघत होत्या. काकांनी खिडकीकडे कान लावून बोट वर केलं.

"आता," ते म्हणाले.